सिंथची ऊब आणि झरीचं व्होल्टेज

पुण्याहून आलेल्या एका संगीतकाराने माझ्या ओसरीत बसून मला सांगितलं, "काकू, तुमच्याकडे आहे तसल्या सिंथच्या आवाजात ऊब असते." परभणीत. मे महिन्यात. बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडली होती आणि हा गृहस्थ मला ऊब सांगत होता. मी आधी त्याला माठातलं पाणी दिलं. ऊन लागलेलं माणूस काहीबाही बरळतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

या अंकाच्या संपादकांनाही माझ्याकडून तसलंच काहीतरी हवं असावं. 'ऑर्केस्ट्राच्या सोनेरी दिवसांबद्दल लिहा,' असं ते फोनवर म्हणाले. सोनेरी फक्त आमच्या गायकाचा कोट होता आणि त्याचाही रंग घामाने बगलेत उतरला होता. बाकी धूळ, टेम्पो आणि पिण्याच्या पाण्यावरून आचाऱ्याशी भांडण. ते चालत असेल तर लिहिते.

मी सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवायची. माझ्या मामांचा परभणीत ऑर्केस्ट्रा होता. लग्न, जत्रा, गणपती, पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे आम्ही जायचो. मी लहानपणी पेटी शिकले होते, म्हणून मामांनी मला पेटीला बसवलं. बाई स्टेजवर बसते म्हणून सुरुवातीला लोक टक लावून बघायचे. मी पेटी वाजवते हे कळलं की मान फिरवायचे. पुढे हैदराबादचा एक स्टुडिओ बंद पडला. तिथल्या सामानात मामांना हे यंत्र दिसलं. गोधडीत गुंडाळून, रेल्वेत सगळी वाट मांडीवर घेऊन त्यांनी ते घरी आणलं आणि म्हणाले, "वंदे, ह्याच्यात समदा ऑर्केस्ट्रा हाय."

नव्हता. काय होतं ते सांगते. हल्लीच्या कीबोर्डात आवाज साठवलेले असतात. एक बटन दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. त्या जुन्या यंत्रात साठवलेलं काहीच नव्हतं. आतल्या विजेचा दाब कमीजास्त करून ते आवाज तयार करायचं. पट्ट्यांच्या वर फिरवायच्या बटनांची रांग. एक बटन आवाज जाड-बारीक करायचं, एक त्याची धार काढायचं, एक तो हळू उगवेल की फटकन फुटेल हे ठरवायचं. बासरी हवी तर सगळी बटनं जागेवर आणायची. गाणं संपलं की ती मोडून पुढच्या गाण्याचा आवाज बांधायचा. तोवर निवेदक विनोद सांगायचा. त्याचे विनोद संपले आणि माझा आवाज तयार नसला की शिट्ट्या. शिवाय एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तरी वाजणार एक. आता याला अ‍ॅनालॉग म्हणतात आणि ते नाव घेताना लोकांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली येतो.

त्या वेळी आमच्याकडे बासरीला दत्तूअप्पा होते. पिंगळीचे. सकाळी शेत करायचे, दुपारच्या गाडीने परभणीला यायचे, बासरी कमरेला खोचलेली. यंत्र आलं त्याच हंगामात मामांनी त्यांना सांगून टाकलं, "अप्पा, आता तुमी नाही आलात तरी भागंल." दत्तूअप्पा रागावले नाहीत. माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, "वाजव बरं बाई. ऐकू दे ह्या मशिनची बासरी."

मी आवाज बांधला आणि त्यांचाच एक तुकडा वाजवला. मान कलती करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"चांगली हाय," ते म्हणाले. "दम लागत न्हाई हिला. मधी श्वास घेतच न्हाई. पर बाई, वाजवणारानं श्वास घेतला न्हाई, तर ऐकणारानं कवा घ्यायचा?"

एवढं बोलून ते गाडी गाठायला निघून गेले. हे मी मुद्दाम सांगतेय. आज ज्या आवाजाला हे शहरातले लोक खरा, हातचा, माणसाचा आवाज म्हणतात, तो आमच्याकडे आला तो माणसाला घरी बसवून आला. गावोगावी लोक त्याला डब्यातला आवाज म्हणायचे. कुणाला त्यात ऊब सापडली नव्हती.

मग झरी गावातलं ते लग्न. वैशाख, भर दुपार. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि आमची गाणी सुरू झाली. आमचा गायक रमेश एक संथ गाणं म्हणत होता. त्यात मधे बासरीचा लांब तुकडा होता. तो मी घेतला आणि नेमकी त्याच वेळी शिवारात मोटारींची थ्री-फेज वीज आली. उन्हाळी भुईमुगाचे दिवस. ज्याच्या त्याच्या विहिरीवरची मोटार एकदम सुरू झाली. मांडवातले पंखे मंदावले. माझ्या पायाशी ठेवलेला स्टॅबिलायझर टकटक करायला लागला. आणि विहिरीत सुटलेल्या पोहऱ्यासारखा माझा सूर खाली निघाला.

मी सुराचं बटन वर फिरवलं. सूर थोडा चढला, पुन्हा घसरला, वर घुरघुर सुरू झाली. रमेशला माझ्याकडून सूर उचलायची सवय. माझ्यामागे तोही खाली गेला. डोळे मिटून, हात छातीवर ठेवून, अगदी भावपूर्ण. नवरदेवाचे चुलते जिलबीची परात घेऊन स्टेजपाशी आले.

"काय ओ, मशिन रडायलंय का तुमचं? शुभकार्य हाय इथं!"

मामांनी मला थांबायची खूण केली. पंगतीत त्यांना दत्तूअप्पा दिसले होते. नवरी पिंगळीकडची होती, त्यामुळे ते पाहुणे म्हणून आले होते. मामा त्यांच्या पत्रावळीसमोर उकिडवे बसले. मी स्टेजवरून सगळं ऐकत होते, दोघं हाताच्या अंतरावर होते.

"अप्पा, उठा. बासरी हाय न्हवं कमरेला?"

"हाय की."

"मग चला. इज्जत जायलीय."

दत्तूअप्पांनी वरणात भाकरी कुस्करली. "मालक, मी आज पाव्हणा हाय. पाव्हण्याला पंगतीतून उठवत न्हाईत. आन् इज्जत माझी न्हाई, मशिनची जायलीय. तिला म्हणा, आता तरी जरा दम घे."

मामा तसेच उठले. शेवटी गफूरभाईंनी ढोलकी मांडीवर ओढली. गफूरभाई म्हणजे आमचे तालवाले, मामांच्या अगदी पहिल्या कार्यक्रमापासूनचे. नुसत्या ढोलकीवर, बोलांत बोल गुंफत त्यांनी शेवटची पंगत उठेपर्यंत मांडव धरून ठेवला. परत येताना टेम्पोत त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या दिसल्या. मामा टपावर सामानाजवळ बसले होते, खाली आमच्यात आले नाहीत.

दत्तूअप्पा पुन्हा आमच्याकडे कधी वाजवायला आले नाहीत. घरीही त्यांनी बासरी सोडली, असं त्यांच्या मुलाकडून कळलं. ते गेले तेव्हा मी पिंगळीला जाऊन आले. घरात पुष्कळ माणसं होती. बासरीचं काय झालं, हे विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आवाज साठवणारे कीबोर्ड आले, ते व्होल्टेजला घाबरत नव्हते. मी तो घेतला तेव्हा मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. मग डीजे आला आणि कीबोर्डसकट आम्ही सगळेच घरी बसलो. मामा वारले. सिंथ माळ्यावर गेला, त्याच्यावर आधी ज्वारीचं पोतं आलं, मग जुना कूलर. मी मुलांना पेटी शिकवायला लागले. रडायला कुणाला वेळ नव्हता.

आता तो ऊब सांगणारा. त्याचं नाव निशांत. तिशीतला, दाढी नीट कापलेली, बोलायला नम्र. परभणीतल्या एका स्पीकरवाल्याकडून त्याला माझा पत्ता लागला होता. तो जे करतो त्याला डाउनटेम्पो म्हणतात. संथ ठेक्याचं, यंत्रांवर केलेलं संगीत. लोक ते कॅफेत ऐकतात, कामाला बसताना ऐकतात, झोप येत नसली की ऐकतात. मला हे ऐकून नवल वाटलं. आमचं ऐकताना कुणाला झोप लागली असती तर मामांनी आम्हाला हाकलून दिलं असतं.

त्याने छोटा स्पीकर काढून मला त्याचं काम ऐकवलं. आधी तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज आला. मी म्हटलं, "स्पीकर गेलाय तुमचा."

"नाही काकू, ते मुद्दाम आहे. जुन्या रेकॉर्डची खरखर."

मग ठेका आला, तोही पोटभर जेवून उठल्यासारखा. त्यावर एक लांबलचक सूर, किंचित उतरलेला, थरथरणारा.

"बेसूर आहे," मी म्हटलं.

"तेच तर!" तो आनंदाने पुढे सरकला. लॅपटॉपवर त्याने मला एक बटन दाखवलं. ते जितकं फिरवाल तितकं यंत्र म्हातारं होतं. सूर हलायला लागतात, आवाज मळतो. लॅपटॉपमध्ये बनवलेलं यंत्र, ज्याला कधी धूळ लागली नाही, त्याला मुद्दाम खोकला लावायचा! ज्या रोगावर इलाज करण्यात माझी उमेद गेली, तो रोग हे लोक बटनावर विकतात.

"हे ऐकून लोकांना होतं काय?"

"शांत वाटतं. जुने दिवस आठवतात."

"कुणाचे?"

"म्हणजे... एकूणच."

"तुमच्या जन्माआधी हे यंत्र माळ्यावर गेलं होतं. तुम्हाला काय आठवतं?"

खोटं बोलला असता तर मी त्याला चहा न देता वाटेला लावलं असतं. तो म्हणाला, "खरं सांगू? मला काहीच आठवत नाही. पण आठवल्यासारखं वाटतं."

मी त्याला दत्तूअप्पांची गोष्ट सांगितली. झरीचीही सांगितली. वाटलं, उतरेल नशा. तर त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "काकू, हे सगळं त्या आवाजात आहे!" त्या आवाजात काय आहे ते मी माळ्यावरून यंत्र उतरवून उघडल्यावर त्याला दाखवलं. पालीची अंडी, मेलेलं झुरळ आणि ज्वारी. कळकट झालेले भाग मी स्पिरिटने पुसले, फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले. ते एवढं काम मला येतं, टेम्पोत बसून शिकावंच लागलं होतं. वीज दिली. जरा वेळाने यंत्र बोललं. मी बोटं मोडून घेतली आणि सूर लावायला बसले.

"फार नीट लावू नका हं," निशांत म्हणाला.

मी हातातला पेचकस खाली ठेवला. "तुमच्या घरी पाहुण्याला शिळं वाढतात का?"

तेवढ्यात गफूरभाई आले. त्यांना मीच निरोप दिला होता. हा तमाशा एकटीने काय बघायचा? गफूरभाई आता पुष्कळ थकलेत, वरच्या पट्टीतलं त्यांना काही ऐकू येत नाही. कानातलं यंत्र खिशात ठेवतात, त्याने डोकं दुखतं म्हणतात. निशांतने त्यांना स्पीकरवर आपलं तेच काम ऐकवलं. माझी खात्री होती, ते हसतील. त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि संपेपर्यंत उचलला नाही.

"अजून एकदा लाव बेटा," ते म्हणाले.

मला राग आला. "भाई, तुमालाबी लागलं का हे खूळ?"

"खूळ कसलं, बाई? आपन सूर ऐकला कवा, सांग. तू बटनं फिरवायलीस, मी पुढचं गानं उचलायलोय, मामा घड्याळ बघायलेत. मुखडा झाला की अंतरा, अंतरा झाला की फर्माइश. ह्यो एकच सूर धरून निवांत बसायलाय. बसू दे की. कुनाचं काय जायलंय?"

"तुम्हाला हे आवडतं, कारण बाकी काही ऐकूच येत नाही."

बोलले आणि जीभ चावली. गफूरभाई मात्र हसले. "आसंल. पर हे ऐकू यायलंय, हे खरं हाय ना?"

निशांतला यंत्र पुण्याला न्यायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. वाजवायचं तर परभणीत. तो लगेच तयार झाला. मुळाशी जायला मिळतंय म्हणाला. त्याने मंगल कार्यालय ठरवलं. संध्याकाळी तिथे कुणाची तरी हळद होती, म्हणून दुपारची वेळ मिळाली. पुण्याहून त्याची मित्रमंडळी गाडी करून आली आणि आल्या आल्या पिंगळी स्टेशनाचे फोटो काढून आली. आमच्याकडून माझे विद्यार्थी, त्यांचे आईबाप, मामांची सून आणि पहिल्या रांगेत गफूरभाई.

रेकॉर्डिंग करायचं म्हणून निशांतने सगळे कूलर बंद करायला लावले. मी त्याला सांगितलं, यंत्र तापलं की सूर सोडतं. तो म्हणाला, "होऊ दे, काकू, जे होईल ते."

सुरू झालं. खरखर, मग ठेका, मग लांब सूर. सिंथची एक पट्टी त्याने कागदाची घडी खोचून दाबून ठेवली होती, म्हणजे तो सूर आपला चालूच. लोक वारा घ्यायला लागले. हळदीच्या घरच्या काही बायका लवकर येऊन मागे बसल्या होत्या. त्यातल्या एका आजीबाईंनी माझ्या पाठीला बोट लावलं.

"बाई, गानं कवा सुरू व्हायचं?"

"सुरू झालंय, आजी."

"आगं माय!" त्या म्हणाल्या आणि उठून पाणी प्यायला गेल्या. त्यांच्यामागे रांगच लागली. विद्यार्थी गेले, आईबाप गेले. पुण्याची मंडळी डोळे मिटून बसली होती, त्यातली अर्धी उकाड्याने पेंगत होती. मला गंमत वाटायला हवी होती. मी स्टेजकडे बघितलं. निशांतचा शर्ट पाठीला चिकटला होता. रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या त्याला दिसत होत्या आणि तो वाजवतच होता. आम्ही जन्मभर जेवणाऱ्या लोकांपुढे वाजवलं. ऐकत कुणी नव्हतं, पण कुणी उठूनही गेलं नव्हतं, कारण जिलबी यायची होती. या पोराकडे जिलबीसुद्धा नव्हती.

आणि त्या उकाड्यात सिंथने सूर सोडला. लॅपटॉपचा सूर जागेवर आणि आमचा हळूहळू खाली. दोन सूर असे जवळ आले, की एकमेकांशी झोंबतात, कानात लाटा उठतात. पुण्यातल्या एकाने मान डोलावली. मला दाताखाली खडा आल्यासारखं झालं. मी बराच वेळ पदर चावत बसले. मग उठले, स्टेजवर चढले, निशांतच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि सुराचं बटन धरलं.

त्याने चमकून बघितलं. मग त्याने लॅपटॉपवरचा ठेका बंद केला आणि दोन्ही हात मागे घेतले. उरले दोन सूर, त्याचा आणि माझा. मी बटन अगदी सावकाश फिरवलं. लाटा मंद होत गेल्या, लांबत गेल्या आणि थांबल्या. कार्यालयात एकच सूर राहिला. मला कुठली घाई नव्हती. पुढचं गाणं नव्हतं, फर्माइश नव्हती. मी तशीच उभी राहिले. पहिल्या रांगेतून गफूरभाईंचा आवाज आला, "हां!" मग मी खाली उतरून जागेवर येऊन बसले.

निशांतने ते रेकॉर्डिंग तसंच्या तसं लोकांपुढे ठेवलं. त्याखाली तरुण मंडळी काय काय लिहितात ते तो मला फोनवर वाचून दाखवतो. तो सूर वर चढतो तिथे कुणाला आजोळ आठवलं, कुणाला रडू आलं. कुणी विचारतं, ही जागा सुचली कशी? काय सांगणार? बेसूर झालं होतं, म्हणून उठले. यंत्र त्याला दिलं नाही अजून. त्याच्या हातात ते पुन्हा बिघडेल आणि तो त्याला ऊब म्हणेल.

त्याने पाठवलेलं रेकॉर्डिंग मी एका दुपारी घरात कुणी नसताना ऐकलं. खरखर आवडली नाही. ठेका आवडला नाही. ती जागा आली तेव्हा मागे नेऊन पुन्हा लावली. नुसती तपासायला. सूर बरोबर लागला होता.